न वाचल्या जाणाऱ्या निबंधांचा प्रश्न

सत्र संपत आले की महाविद्यालयांत ‘सबमिशन’चा आठवडा येतो. अध्यापककक्षातील टेबलांवर फायलींचे गठ्ठे चढतात, त्यांवर सह्या होतात, गुण तक्त्यात भरले जातात आणि काही महिन्यांनी तेच गठ्ठे रद्दीवाल्याकडे जातात. गेल्या काही वर्षांत या गठ्ठ्यांतील मजकुराचे रूप मात्र झपाट्याने पालटले आहे. जेथे पूर्वी शुद्धलेखनाच्या चुका, अर्धवट वाक्ये आणि शेजाऱ्याच्या वहीतून जशाच्या तशा उतरलेल्या ओळी आढळत, तेथे आता घोटीव, निर्दोष आणि एकाच वळणाचे गद्य आढळते. मुद्दे क्रमवार असतात, दोन्ही बाजू तोलून मांडलेल्या असतात, समारोपही यथास्थित असतो. फक्त तो मजकूर ज्याच्या नावाने सादर झाला, त्या विद्यार्थ्याला त्यातील एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला तर तो गोंधळतो.

अमेरिकेतील ओपनएआय या कंपनीने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ ही संवाद साधणारी संगणकप्रणाली सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून हा बदल सुरू झाला. आज तशा अनेक प्रणाली मोबाईलवर विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्या इंग्रजीप्रमाणे मराठीतही उत्तरे देतात. साहजिकच शिक्षणक्षेत्रात दोन तट पडले आहेत. एका पक्षाच्या मते ही सरळ सरळ चोरी असून तिला कठोर शासन झाले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की गणकयंत्र आले तेव्हाही अशीच ओरड झाली होती. काळाबरोबर चालण्यातच शहाणपण आहे. दोन्ही पक्ष यंत्राविषयी बोलतात. परंतु या प्रश्नाचे मूळ केवळ यंत्रात शोधणे हे अर्धेच निदान ठरेल. विद्यार्थी जे लिहून देतो ते कोणी वाचणार आहे काय, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे, आणि तो चॅटजीपीटीच्या कितीतरी आधीचा आहे.

जुनाच व्यवहार, नवा दर

पर्यावरण-अभ्यासाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिलेला निर्देश आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी धरलेला आग्रह यांमुळे हा विषय पदवी-अभ्यासक्रमात सक्तीचा झाला. विद्यार्थ्याने आपल्या परिसरातील नदी, टेकडी, कचराडेपो अथवा बाजारपेठ प्रत्यक्ष पाहावी आणि त्यावर प्रकल्प लिहावा, हा हेतू स्तुत्यच होता. व्यवहारात काय झाले, हे महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्स दुकानदारांना चांगले ठाऊक आहे. तयार प्रकल्प मिळू लागले. मुखपृष्ठावरील नाव आणि हजेरी क्रमांक तेवढा बदलायचा. मुंबईतील वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत ‘ब्लॅक बुक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्प-अहवालांची कथा याहून फार वेगळी नाही. विज्ञान शाखेत एकाचे ‘जर्नल’ पाहून दुसऱ्याने आपले पुरे करणे तर इतके अंगवळणी पडले की त्यात काही गैर आहे असे विद्यार्थ्यांना, आणि कित्येकदा अध्यापकांनाही, वाटेनासे झाले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर उसन्या मजकुराची बाजारपेठ आधीपासून अस्तित्वात होती. तेथे काही किंमत मोजावी लागे, दुकानापर्यंत जाण्याचा त्रास होता आणि पकडले जाण्याची अल्पशी भीतीही होती. नव्या प्रणालींनी ही किंमत जवळजवळ शून्यावर आणली. त्यामुळे जो विद्यार्थी पूर्वी लाजेकाजेस्तव का होईना, चार पाने स्वतः लिहीत असे, तोही या बाजारात उतरला. तथापि किंमत उतरल्याने मागणी वाढली, एवढेच खरे. ती मुळात निर्माण झाली ती एका मूक करारातून. विद्यार्थ्याने पाने भरून द्यावीत, अध्यापकाने ती न वाचता गुण द्यावेत, आणि दोघांनीही एकमेकांस अडचणीत आणू नये, असा हा करार होता.

या कराराची किंमत आता अधिक मोजावी लागणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली, आणि सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाला त्यात महत्त्वाचे स्थान आहे. एखाद्या विषयाचे ३० किंवा ४० टक्के गुण जर अंतर्गत मूल्यमापनाचे असतील, तर पदवीचा तितका भाग या फायलींवरच उभा राहतो.

नियम कोठे थांबतात

गैरप्रकारांविषयी कायदे नाहीत असे नव्हे. विद्यापीठ व शालान्त मंडळांच्या परीक्षांतील गैरप्रकारांना प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्राने १९८२ मध्येच केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी स्वतंत्र विनियम काढले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर तो सादर करण्यास मनाई. आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द, अशी शिक्षेची चढती श्रेणी त्यांत आहे. पुढे २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेखाली विद्यापीठांना साम्य तपासणारी संगणकप्रणालीही पुरविण्यात आली.

परंतु याच विनियमांच्या व्याख्याविभागात एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, अभ्यासक्रमांतर्गत लेखन आणि उत्तरपत्रिका यांना विनियमांच्या कक्षेतून स्पष्टपणे वगळण्यात आले आहे. म्हणजे नियमांचा रोख संशोधनपर लेखनावर, बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.चा विद्यार्थी सत्रभर जे लिहितो ते त्यांच्याबाहेर. शिवाय साम्य मोजण्याची सारी पद्धत, दुसऱ्या कोणाचा तरी छापील मजकूर उचलला गेला आहे, या गृहीतावर उभी आहे. नवे यंत्र दर वेळी नवी वाक्ये जुळवते. तेथे साम्य दाखवायला मूळ ग्रंथच सापडत नाही.

ही पोकळी न्यायालयापर्यंतही पोहोचली आहे. हरियाणातील एका खाजगी विद्यापीठाने २०२४ मध्ये कायद्याच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याला, त्याच्या उत्तरांतील ८८ टक्के मजकूर यंत्रलिखित असल्याचा ठपका ठेवून, एका विषयात अनुत्तीर्ण ठरविले. त्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात दाद मागितली. यंत्राच्या वापरास मनाई करणारा नियम कोठे आहे आणि आरोपाला पुरावा काय, असा त्याचा सवाल होता. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे सांगितल्यावर प्रकरण निकालात निघाले. मूळ प्रश्न मात्र अनिर्णीत राहिला.

यंत्राने यंत्र पकडण्याचा मोह

मजकूर माणसाचा की यंत्राचा हे सांगणाऱ्या संगणकप्रणाली आता बाजारात आल्या आहेत आणि महाविद्यालयांना त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. अध्यापकाने वाचण्याऐवजी संगणकाने तपासावे, यात श्रम वाचतात. परंतु या प्रणालींचा आजवरचा इतिहास फारसा आश्वासक नाही. खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये अशी एक प्रणाली काढली. कंपनीच्याच चाचणीत ती यंत्रलिखित मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर ओळखू शकली आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर तिने यंत्राचा शिक्का मारला. अचूकता अपुरी असल्यामुळे त्याच वर्षी जुलैमध्ये ती मागे घेण्यात आली.

त्याहूनही विचार करायला लावणारा अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांचा आहे. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी अशा सात प्रणालींपुढे ठेवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सरासरीने सुमारे ६१ टक्के निबंध या प्रणालींनी यंत्राचे ठरविले. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. याचे कारण असे की पुढचा शब्द कितपत अपेक्षित आहे, यावरून या प्रणाली अंदाज बांधतात. ज्याचा शब्दसंग्रह मर्यादित, ज्याची वाक्ये साधी आणि ठरीव, त्याचे लेखन त्यांना यंत्रासारखे भासते.

याचा महाराष्ट्रातील अर्थ समजण्यास विशेष तर्काची गरज नाही. तालुक्याच्या गावी बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत इंग्रजीतून लिहू लागलेला विद्यार्थी पाठ केलेली, साधी, ठरीव वाक्येच लिहिणार. यंत्राची मदत न घेता कष्टाने लिहिलेल्या त्याच्या दोन पानांवर संशय येण्याची शक्यता अधिक; आणि शहरी, सफाईदार इंग्रजी येणारा विद्यार्थी यंत्राचा मजकूर थोडा इकडेतिकडे करून सहज निसटणार. चूक अगदी १ टक्का धरली तरी ती नगण्य ठरत नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये अशी तपासणी बंद केली तेव्हा हाच हिशेब मांडला होता. २०२२ मध्ये तेथे ७५,००० निबंध साम्य-तपासणीसाठी गेले होते. त्यांवर १ टक्का चूक म्हणजे सुमारे ७५० निबंधांवर खोटा आळ.

नुकसान कोणाचे?

अध्यापक फसला, असा या प्रकरणाचा नेहमीचा सूर असतो. वस्तुतः ज्याने वाचलेच नाही तो फसत नाही. फसतो तो प्रामाणिक विद्यार्थी. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की चांगला माल आणि वाईट माल यांतील फरक गिऱ्हाइकाला कळेनासा झाला म्हणजे तो सर्वच मालाला मधली किंमत देऊ करतो, आणि मग चांगला माल विकणाऱ्याला बाजारात राहणे परवडत नाही. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये पदवीकडे, मालकाला उमेदवाराविषयी मिळणारा संकेत म्हणून पाहिले. गुणी उमेदवाराला ती मिळविणे इतरांपेक्षा कमी कष्टाचे असते, म्हणूनच तो संकेत उपयोगी पडतो. कष्टांतील हा फरकच नाहीसा झाला तर संकेतही निरर्थक होतो.

आठवडाभर ग्रंथालयात बसून स्वतः निबंध लिहिणाऱ्या मुलीला वीसपैकी चौदा आणि तो दोन मिनिटांत मोबाईलवरून उतरविणाऱ्याला अठरा गुण मिळाले, तर पुढच्या सत्रात तिने काय करावे? ती शहाणी असेल तर ग्रंथालयात जाणार नाही. आणि वर्गातील सर्वांनाच अठरा गुण मिळू लागले की मालक व पुढची विद्यापीठे त्या गुणांकडे पाहत नाहीत. ती स्वतःच्या प्रवेशपरीक्षा व निवडचाचण्या घेतात. त्या चाचण्यांच्या तयारीचे वर्ग शहरात असतात आणि त्यांचे शुल्क भारी असते. ज्याच्या घरी दुसरे भांडवल नाही त्याची पदवी हीच पुंजी. तिचे अवमूल्यन सर्वांत आधी त्याला जाणवते.

वाचनाचा हिशेब

मग अध्यापक वाचत का नाहीत? याचे उत्तर नीतिपाठात न शोधता वेळेच्या हिशेबात शोधले पाहिजे. एका तुकडीत १२० विद्यार्थी, एका अध्यापकाकडे चार तुकड्या आणि प्रत्येक विद्यार्थ्याचे दोन स्वाध्याय धरले तर सत्राला ९६० स्वाध्याय होतात. प्रत्येकाला दहा मिनिटे दिली तरी १६० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला जवळजवळ ११ तास. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते आणि एकूण कामाचा आठवडा ४० तासांचा असतो. म्हणजे पूर्णवेळ अध्यापकाला हे काम कागदावर तरी अशक्य नाही. अडचण अशी की उरलेले तास प्रवेशाच्या कामात, परीक्षांच्या व्यवस्थेत आणि मूल्यांकनाच्या फायली तयार करण्यात खर्ची पडतात. संस्थेला विचारणा होते ती फायलींविषयी. निबंध वाचले काय, असे कोणी विचारत नाही.

तासिका तत्त्वावरील अध्यापकांची स्थिती याहून बिकट आहे. पूर्णवेळ पदे रिक्त ठेवून त्यांच्याकडून काम चालवून घेण्याची प्रथा राज्यात रूढ झाली. त्यांना मानधन मिळते ते वर्गात घेतलेल्या तासाचे. घरी बसून १२० निबंध वाचले तर त्याचे मोल शून्य. ज्या कामाला मोल नाही ते काम कसोशीने होईल, अशी अपेक्षा धरणे अर्थशास्त्राला सोडून आहे.

अध्यापकवर्गानेही या बाबतीत फार सोवळे राहू नये. २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुणांक दिले, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले, आणि मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. कोणी न वाचणाऱ्या लेखनाला गुण मिळू लागले की प्राध्यापक जे करतात तेच विद्यार्थी करतात. दोष केवळ वयाचा किंवा पिढीचा नाही.

आधार आणि अट

यावर उपाय म्हणून सर्व भार पुन्हा सत्रान्त लेखी परीक्षेवर टाकावा, असे काही जण सुचवितात. परंतु अपेक्षित प्रश्नसंच, गाईडे आणि पाठांतर यांचे राज्य त्याच परीक्षेने निर्माण केले होते. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने परीक्षापद्धतीच्या सुधारणेला अग्रक्रम दिला आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला, तो या अनुभवामुळेच. मागे फिरून जुनाच रोग पत्करण्यात अर्थ नाही.

पहिली गरज आहे ती लिखित आणि स्पष्ट नियमाची. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला सांगितले गेले पाहिजे की मागणीची लवचिकता इंग्रजी पुस्तकातून समजली नाही म्हणून यंत्राकडून मराठीत समजावून घेणे रास्त आहे. स्वतः लिहिलेल्या वाक्यांची शुद्धता त्याच्याकडून तपासून घेतली तर तशी नोंद शेवटी करावी. आणि सबंध उत्तर त्याच्याकडून लिहवून घेऊन स्वतःच्या नावे देणे हा गैरप्रकार आहे. यंत्र आत्मविश्वासाने खोटे संदर्भही देते, हेही सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली यंत्राने रचलेले काल्पनिक निवाडे न्यायालयापुढे ठेवल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला होता. ही फजिती वकिलांची होऊ शकते, तर विद्यार्थ्यांची अधिकच.

दुसरी गोष्ट तोंडी प्रश्नांची. १२० विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच मिनिटे दिली तर दहा तास लागतात. पण चिठ्ठ्या टाकून दर पाचांतील एकाला बोलावले तर २४ विद्यार्थी होतात आणि काम दोन तासांत संपते. रेल्वेतील तिकीट तपासनीस प्रत्येक प्रवाशाकडे जात नाही. तो येऊ शकतो एवढी जाणीव पुरते. स्वतःच्या निबंधातील दोन मुद्दे विद्यार्थ्याला आपल्या शब्दांत, हव्या त्या भाषेत, सांगता आले पाहिजेत, एवढीच अट असावी. केवळ संगणकाच्या अहवालावरून कोणालाही शिक्षा होऊ नये. ज्याला काहीच सांगता आले नाही त्याला प्रथम पुन्हा लिहिण्याची संधी आणि दुसऱ्या वेळी शिक्षा, हा क्रम न्याय्य ठरेल. त्याचबरोबर निबंधाचा काही भाग वर्गातच, वही-पेनाने लिहवून घ्यावा, आणि विषय गावच्या आठवडी बाजारातील भाव, ग्रामपंचायतीचा कर किंवा घरचा महिन्याचा खर्च असे जवळचे असावेत. तेथे जाऊन पाहिल्यावाचून त्यांवर धड लिहिता येत नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधाराची. तोंडी प्रश्नांत जो अडखळेल तो दर वेळी लबाडच असेल असे नाही. कोणी माध्यम बदलल्याने गोंधळलेला असतो, कोणी पहाटे वर्तमानपत्रे टाकून किंवा रात्री दुकानात काम करून वर्गात आलेला असतो, आणि युक्तिवाद कसा लिहायचा हे तर अनेकांना कोणी शिकविलेलेच नसते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही वाट रुळविली, तेव्हा श्रमाबरोबर वसतिगृह आणि वडीलधारी देखरेखही दिली होती. आज कष्ट करून शिकणारा विद्यार्थी बहुधा एकटाच असतो, आणि रात्री अकरा वाजता त्याच्या शंकेला उत्तर देणारे मोबाईलमधील यंत्र तेवढे जागे असते. मूल्यांकनासाठी ‘मार्गदर्शक-पालक’ अध्यापकांच्या याद्या महाविद्यालयांत तयार झाल्या. त्यांतील कित्येक फायलीतच राहिल्या. त्या याद्यांना वेळापत्रकात आठवड्याचा एक ठरलेला तास मिळाला आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला त्या तासाचे व निबंध-वाचनाचे मानधन मिळाले, तर यादीला अर्थ येईल.

यासाठी पैसा लागेल. रिक्त पदे भरणे हे शासनाचे काम आहे, तासाचे नियोजन हे प्राचार्यांचे आणि मानधनाची व्याप्ती वाढविणे हे शासन व संस्थाचालक दोघांचे. यंत्रलेखन पकडणाऱ्या प्रणालींवर होणारा खर्च या कामाकडे वळविता येईल. अध्यापकाने निबंध वाचून समासात दोन ओळींचा शेरा लिहिला, तर पुढचा निबंध स्वतः लिहिण्याचे निदान एक कारण विद्यार्थ्याला मिळते. आजच्या व्यवस्थेत ते कारण त्याच्यापाशी नाही. ते त्याला पुरविण्याआधी त्याच्या नीतिमत्तेविषयी निवाडा देण्याची घाई समाजाने करू नये.